थेरी, राणी आणि हुतात्मा : प्राचीन स्त्रियांच्या धर्मलेखनाचे एक वाचन

प्राचीन जगातील स्त्रियांच्या धर्मजीवनाविषयी आपल्याकडे जे लिहिले व बोलले जाते, त्याचा सूर बहुधा आधीच ठरलेला असतो. संत आग्नेस म्हणजे पावित्र्य, संत मोनिका म्हणजे अश्रू आणि प्रार्थना, संत पर्पेतुआ म्हणजे धैर्य. सणाच्या दिवशी त्या त्या सद्गुणाचे नाव घेतले जाते, एकदोन प्रसंग सांगितले जातात आणि संताची मूर्ती पुन्हा आपल्या कोनाड्यात जाऊन बसते. या पद्धतीत सद्गुण पुढे येतो आणि बाई मागे राहते. ती कोणत्या घरची होती, तिचा दिवस कोणत्या कामांत जात होता, धर्माविषयी तिला स्वतःला काय म्हणायचे होते, आणि ते तिने स्वतः म्हटले की दुसऱ्या कोणी तिच्या वतीने म्हटले, हे प्रश्न तसेच राहतात.

प्रस्तुत लेखात हेच प्रश्न आम्ही काही प्राचीन लेखांना विचारणार आहोत. त्यांपैकी काही आपल्या परिसरातील खडकांवर कोरलेले आहेत, एक पाली भाषेतील काव्यसंग्रह आहे आणि दोन आपल्याच ख्रिस्तसभेच्या पहिल्या चार शतकांतील गद्यलेखन आहेत. अन्य धर्मीयांच्या लेखनाचा विचार ख्रिस्ती वाचकाने का करावा, अशी शंका कोणास येईल. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली अन्य धर्मांविषयीच्या आपल्या घोषणेत बौद्ध धर्माचा नावानिशी उल्लेख केला, आणि त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे स्पष्ट केले. आमच्या दृष्टीने एवढा आधार पुरेसा आहे. शिवाय शेजाऱ्याचे घर नीट पाहिले म्हणजे आपल्या घराची रचनाही अधिक चांगली कळते.

कान्हेरीची नामावली

येथे शेजार हा शब्द आम्ही शब्दशः वापरीत आहोत. कोलशेत हे ठाण्याच्या उत्तर अंगाला उल्हास नदीच्या खाडीवर वसलेले गाव. ही खाडी वर कल्याणपर्यंत जाते आणि खाली घोडबंदरावरून वसईपाशी समुद्रास मिळते. प्राचीन सोपारा तेथून दूर नाही. गावाच्या पश्चिमेस येऊरचे डोंगर दिसतात. त्याच डोंगररांगेच्या पलीकडच्या अंगाला, आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेल्या अरण्यात, कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या आसपास तेथे भिक्षूंची वस्ती सुरू झाली आणि ती हजार वर्षांच्या आसपास टिकली. लेण्यांच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि बहुतांशी प्राकृत भाषेत दानांचे लेख आहेत. डॉ. शोभना गोखले यांनी या लेखांचा संग्रह सिद्ध केला व पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तो १९९१ साली प्रसिद्ध केला. दाते कल्याणचे आहेत, सोपाऱ्याचे आहेत, नाशिकचेही आहेत. व्यापारी, सोनार, गृहस्थ अशा सर्व थरांतील आहेत. आणि त्यांत स्त्रिया आहेत.

या लेखांची घडण साधी असते. दात्याचे नाव, गाव, नाते, दानाची वस्तू आणि ती कोणास दिली, एवढेच. साहित्य म्हणून त्यांत अलंकार शोधू जाल तर काही हाती लागणार नाही. परंतु नावापुढे काय लिहावे याची निवड प्रत्येक लेखात करावी लागते आणि त्या निवडीतच स्त्रीचे स्थान कळते. नागमूलनिका नावाच्या एका दात्रीची ओळख कोणाची कन्या, कोणाची पत्नी आणि कोणाची माता अशा नात्यांच्या साखळीतून करून दिलेली आहे. ती महारठी घराण्यातील स्त्री, म्हणून साखळी मोठी आहे. याउलट पोणकीअसणा नावाच्या प्रव्रजितेची, म्हणजे संन्यासिनीची, ओळख एका स्थविराची अंतेवासिनी, म्हणजे जवळ राहून शिकणारी शिष्या, अशी आहे. तिने लेणे दिले आणि पाण्याची पोढी दिली. सापा नावाची दुसरी भिक्षुणी स्वतःस धेनुकाकट येथील उपासकाची कन्या म्हणवते आणि लगेच आपल्या गुरूचेही नाव सांगते. बापाचे घर तिने पुसून टाकलेले नाही, पण गुरूचे नाव त्याच्या शेजारी आणून बसवले आहे.

आता याच कान्हेरीतील आणखी एक लेख पाहावा. तो एका राणीसंबंधी आहे. ती वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी, कार्दमक कुळात जन्मलेली, महाक्षत्रपाची कन्या. तिच्या संदर्भात सतेरक नावाच्या अमात्याने पाण्याच्या टाक्याचे दान दिले. लेख खंडित आहे. आज जेवढा वाचता येतो त्यात पतीचे नाव आहे, कुळाचे नाव आहे, अमात्याचे नाव आहे. राणीचे नाव नाही. दोन राजघराण्यांना जोडणारी ही स्त्री इतिहासाच्या पुस्तकांत अमक्याची मुलगी आणि तमक्याची बायको म्हणूनच राहिली. कफनी नेसलेली पोणकीअसणा मात्र आपल्या नावानिशी उभी आहे. याचा अर्थ संन्यासात स्त्रीला सर्व काही मिळाले असा कोणी काढू नये. पण ज्या स्थानावरून तिला स्वतःचे दान स्वतःच्या नावाने नोंदवता येत होते, असे एक स्थान त्या समाजात होते, एवढे या दोन लेखांच्या तुलनेवरून निश्चित म्हणता येते.

रायगड जिल्ह्यात राजपुरीच्या खाडीवर कुडे येथे लेणी आहेत. तेथील एक लेख आम्हांला या सर्वांत अधिक बोलका वाटतो. पदुमनिका नावाच्या प्रव्रजितेने तेथे लेणे दिले. ती आपल्या आईचे नाव सांगते; आईही प्रव्रजिताच, नागनिका नावाची. (नाणेघाटची राणी नागनिका ती ही नव्हे, नाव तेवढे सारखे.) ती आपल्या दोन मामांची नावे सांगते, दोघेही स्थविर. आणि शेवटी बोधी व असाळ्हमिता या आपल्या शिष्यांची नावे जोडते. आई, लेक आणि लेकीच्या शिष्या अशी तीन पायऱ्यांची परंपरा दोनचार ओळींत उभी राहते. पतीचे नाव नाही, पित्याचे नाव नाही. वंश आहे, पण तो शिकवणुकीचा वंश आहे. आपल्याकडील एखाद्या धर्मभगिनीने आपल्या नवदीक्षितांची नावे अशा अभिमानाने दगडावर कोरून ठेवली असती, तर आपण तो लेख किती जपला असता!

नाणेघाट आणि नाशिक : राण्यांची भाषा

कल्याणहून मुरबाडमार्गे जुन्नरकडे चढणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेवर नाणेघाट आहे. घाटमाथ्याच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. अभ्यासक तो साधारणतः ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील मानतात. गुहेत पूर्वी राजकुटुंबातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज त्यांच्या पायांचे काही अवशेष आणि वर कोरलेली नावे तेवढी शिल्लक आहेत. लेखाच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे. त्यानंतर वैदिक यज्ञांची यादी आणि प्रत्येक यज्ञात दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, रथ, कार्षापणे यांचा हिशेब. वाङ्मय म्हणून हा भाग हिशेबवहीसारखा कोरडा आहे, हे मान्य केले पाहिजे.

पण मध्येच राणीविषयी काही शब्द येतात. ती महिनाभराचे उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीचे जीवन जगणारी, ब्रह्मचर्य पाळणारी आहे. यज्ञ कोणी केले, राजाने की राणीने, यावर अभ्यासकांनी बराच वाद घातला. स्त्रीला स्वतंत्रपणे यज्ञाचा अधिकार नव्हता, म्हणून ते राजाने राणीसह केले असावेत, हे मत बहुतेकांना ग्राह्य वाटते. आमचे लक्ष मात्र त्या उपवासाच्या शब्दाकडे जाते. यज्ञाला पुरोहित लागतात, राजा लागतो, हजारो गाई लागतात. उपवासाला यांतले काही लागत नाही. यज्ञमंडपात राणीला पतीच्या बाजूला बसावे लागत होते. उपवासात ती एकटीच यजमान होती. राजवाड्यात राहून राणीने आपल्यासाठी जो धर्म जोपासला तो अन्न वर्ज्य करण्याचा आणि व्रताचा होता. चाळीस दिवसांचा उपवासकाळ घरातल्या घरात निष्ठेने पाळणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्या स्त्रियांना हा शब्द परका वाटणार नाही.

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील, म्हणजे पांडवलेण्यांतील, गौतमी बलश्रीचा लेख वेगळ्या जातीचा आहे. पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी या वृद्ध राजमातेने भिक्षुसंघास लेणे दिले. नातू गादीवर होता. पराक्रमी पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी निवर्तला होता. लेखाचे गद्य भारदस्त आहे, लांबलचक समासांनी भरलेले आहे, आणि प्राकृत गद्याचा एक उत्तम नमुना म्हणून त्याची गणना होते ती योग्यच आहे. सत्यवचन, दान, क्षमा, अहिंसा, तप, दम, नियम आणि उपवास यांत रमलेली अशी बलश्रीची ओळख त्यात आहे. पण लेखाचा फार मोठा भाग पुत्राच्या स्तुतीने व्यापलेला आहे. दान आईचे, शब्द मुलाविषयी. याला काही अभ्यासक राजकीय प्रशस्ती म्हणून बाजूस सारतात. आम्हांला तसे करवत नाही. मुलाच्या मागे राहिलेल्या आईने धर्मकार्याच्या निमित्ताने त्याचेच नाव पुन्हा पुन्हा घ्यावे, यात राजकारण असेल, तसा शोकही आहे. मृतांच्या स्मरणार्थ मिस्सा अर्पण करावयास येणाऱ्या माता काही वेगळे करीत नाहीत.

थेरीगाथा : दासीचा आवाज

शिलालेखांत नाव मिळते, नाते मिळते, दान मिळते. मन क्वचितच मिळते. संन्यासिनींच्या मनाचा शोध घ्यावयाचा तर आपला परिसर सोडून मगध, कोसल आणि वैशालीकडे, पाली त्रिपिटकातील थेरीगाथेकडे वळावे लागते. सोळा निपातांत विभागलेली ही त्र्याहत्तर काव्ये असून त्यांत एकूण सुमारे पाचशे गाथा आहेत. परंपरेने ती बुद्धकाळातील व नंतरच्या ज्येष्ठ भिक्षुणींच्या नावे सांभाळलेली आहेत. स्त्रियांच्या तोंडी असलेल्या काव्यांचा इतका जुना आणि एवढा मोठा संग्रह जगाच्या वाङ्मयात दुर्मिळ आहे. मराठी वाचकाला बौद्ध वाङ्मयाची वाट ज्यांनी प्रथम सुगम करून दिली ते धर्मानंद कोसंबी. १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेल्या या विद्वानाचे ऋण या विषयात मान्य केल्यावाचून पुढे जाता येत नाही.

इंग्रजीत कॅरोलिन ऱ्हीस डेव्हिड्स या विदुषीने १९०९ साली हा संग्रह प्रथम आणला, तेव्हा शीर्षकात बायबलमधील स्तोत्रांसाठी रूढ असलेला शब्द योजिला. ही योजना आदराची होती, पण दिशाभूल करणारी होती असे आमचे मत आहे. स्तोत्रकार देवाला हाक मारतो. त्याच्याशी भांडतो, त्याची क्षमा मागतो, त्याच्यावर विसंबतो. थेरी कोणत्याही देवाला हाक मारीत नाही. ती आपल्या मनाकडे पाहते, तृष्णा कशी तुटली ते सांगते आणि शांत होते. हा भेद झाकून ठेवल्यास दोन्ही परंपरांचा अपमान होतो. आपल्या दृष्टीने तारण हे प्रेमाने दिलेले दान आहे. थेरीच्या दृष्टीने मुक्ती ही साधनेने झालेली उकल आहे. हे लक्षात ठेवूनच वाचावे.

गुणवत्तेच्या बाबतीत संग्रह एकसारखा नाही. काही काव्ये ठराविक सूत्रांची पुनरावृत्ती करतात. सुमेधेचे दीर्घकाव्य उपदेशाच्या भाराने वाकलेले आहे. परंतु उत्कृष्ट काव्ये अशी आहेत की ती विसरता येत नाहीत. मुत्ता उखळापासून, मुसळापासून आणि कुबड्या नवऱ्यापासून सुटल्याचे सांगते आणि त्याच श्वासात जन्ममरणापासून सुटल्याचे सांगते. घरातली उपकरणे आणि मोक्ष एका पंक्तीत बसवण्याचे हे धैर्य मोठ्या कवीचे आहे. आम्रपाली आपल्या एकेका अवयवाचे पूर्वीचे सौंदर्य आणि आताची जीर्णता समोरासमोर ठेवीत जाते. रचना एकसुरी आहे, पण तो एकसुरीपणाच वार्धक्याच्या पावलांसारखा वाजत राहतो.

आम्हांला मात्र सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुण्णा. ती पाणी भरणारी दासी. थंडीतही नदीत उतरणे तिला चुकत नाही, कारण मालकिणीच्या बोलण्याचे आणि शिक्षेचे भय. तिला एक ब्राह्मण कडाक्याच्या थंडीत पापक्षालनासाठी स्नान करताना दिसतो. ती त्याला विचारते की तू कोणाच्या भयाने कुडकुडतोस. पाण्याने पाप धुतले जात असेल तर बेडूक, कासवे आणि मासे आधीच स्वर्गात जातील, असा तिचा युक्तिवाद आहे. आणि नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही वाहून नेईल, असे ती त्याला बजावते. तर्काची ही धार पांडित्यातून आलेली नाही. रोज पाण्यात उभे राहणाऱ्या बाईला पाण्याची शक्ती किती आणि मर्यादा किती हे ठाऊक असते. तिचे काम हेच तिचे धर्मशास्त्र झाले आहे.

या काव्यांच्या जपणुकीविषयी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ती तोंडी परंपरेने आली, भिक्षूंच्या हातून लेखनबद्ध झाली, आणि प्रत्येक थेरीची जी जीवनकथा आपण वाचतो ती बव्हंशी धम्मपाल या आचार्याच्या भाष्यातील आहे. ते भाष्य काव्यांनंतर कित्येक शतकांनी झाले. गाथा थोडे सांगते, भाष्य पुष्कळ सांगते. वाचकाने गाथा आधी वाचावी आणि भाष्य नंतर, हा आमचा आग्रह आहे.

पर्पेतुआ आणि एजेरिया

आता आपल्या घरी येऊ. पहिल्या युखरिस्त प्रार्थनेत धर्मगुरू ज्या संतांची नावे घेतात, त्यांत फेलिसिता, पर्पेतुआ, आगाथा, लुसी, आग्नेस, सेसिलिया आणि अनास्तासिया ही सात नावे ओळीने येतात. यांपैकी पर्पेतुआचे स्वतःचे शब्द आपल्यापर्यंत आले आहेत. उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथे २०३ साली ती हुतात्मा झाली. वय सुमारे बावीस, कडेवर अंगावर पिणारे मूल. कारागृहातील दिवसांची हकीकत तिने स्वतः लॅटिन भाषेत लिहिली आणि एका अनामिक संपादकाने तिला आरंभ व शेवट जोडून ती पुढे दिली.

प्रवचनांत पर्पेतुआ सिंहासारखी उभी असते. तिच्या स्वतःच्या लेखनात ती आधी आई आहे. कारागृहातील अंधार, गर्दी आणि उकाडा तिला सोसवत नाही. भुकेने मूल क्षीण झाल्याची काळजी तिला जाळते. मूल जवळ ठेवण्याची परवानगी मिळते तेव्हा तोच तुरुंग तिला राजवाड्यासारखा वाटतो. पुढे पिता मूल परत देण्याचे नाकारतो. तेव्हा मुलाने दूध मागणे सोडले आणि आपल्या स्तनांना ठणका लागला नाही, ही तिला देवाची कृपा वाटते. एवढ्या साध्या, शारीरिक तपशिलात कृपा ओळखणारे लेखन त्या काळच्या धर्मवाङ्मयात फारसे नाही. पिता तिच्या पायांशी पडून विनवतो, त्या प्रसंगातही ती त्याला तुच्छ लेखीत नाही. त्याच्या वार्धक्याचे तिला दुःख होते. मुत्तेने घर टाकल्याचा आनंद सांगितला; पर्पेतुआने घर सुटतानाची वेदना सांगितली. दोन्ही खरे आहेत.

पण याच पुस्तकात फेलिसिताही आहे. ती दासी. आठव्या महिन्यात तुरुंगातच ती प्रसूत झाली, आणि तिच्या मुलीचा सांभाळ ख्रिस्ती समाजातील एका स्त्रीने केला. तिची हकीकत आपल्याला संपादक सांगतो. एखादे वाक्य तिच्या तोंडी घातले आहे एवढेच. कुलीन स्त्रीला लेखणी मिळाली, दासीला मिळाली नाही. वेदीवर दोघींची नावे एकत्र घेतली जातात, ही ख्रिस्तसभेची थोरवी. मात्र पाणी भरणाऱ्या पुण्णेचा युक्तिवाद तिच्याच तोंडून ऐकावयास मिळतो आणि फेलिसितेचे मन मिळत नाही, ही उणीव प्रामाणिक वाचकाने नोंदवून ठेवावी.

एजेरिया ही चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातील यात्रेकरू. पश्चिमेकडील आपल्या देशाहून ती सुमारे ३८१ ते ३८४ या काळात पवित्र भूमीत हिंडली आणि आपल्या भगिनींना तिने सविस्तर पत्र लिहिले. त्याची एकमेव मोठी प्रत इटलीतील आरेझ्झो येथे १८८४ साली सापडली. आरंभ आणि शेवट दोन्ही नष्ट झालेले. तिचे नावही त्या प्रतीत नाही. सातव्या शतकातील वालेरियस नावाच्या संन्याशाच्या पत्रावरून ते जुळवावे लागले. आपल्या पवित्र सप्ताहाच्या विधींचा इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाला या बाईकडे जावे लागते. झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक, तीत फांद्या घेतलेली मुले, शुभ शुक्रवारी क्रुसाच्या लाकडाचे चुंबन, कोणत्या वेळी कोणते वाचन होते, हे सर्व तिने टिपले. क्रुसाचे चुंबन घेताना पूर्वी कोणी तरी लाकडाचा तुकडा चावून पळवला, म्हणून उपयाजक तेथे पहारा देतात, हेही ती गंभीरपणे सांगते. तिची भाषा साधी आहे, पाल्हाळाची आहे, पंडितांनी तिला नावे ठेवली आहेत. पण तिची नजर चांगली घरधनीण पाहुण्याच्या घरात टाकते तशी आहे. तिच्यातून काही सुटत नाही. वाटेत संत थेक्ला हिच्या तीर्थस्थानी भेटलेल्या मार्थाना या सेविकेचा ती आवर्जून नावानिशी उल्लेख करते. स्त्रीने स्त्रीचे नाव लिहून ठेवावे, हे कुडे येथील पदुमनिकेचेच काम.

वाचनाचे दोन दोष

हे लेखन वाचताना दोन दोष संभवतात. पहिला जुना आहे. संत ऑगस्टीन यांनी पर्पेतुआ व फेलिसिता यांच्या सणाला दिलेल्या प्रवचनांत दोघींच्या नावांवर सुंदर कोटी केली: दोन्ही नावे मिळून ‘नित्य आनंद’ असा अर्थ होतो. कोटी अप्रतिम आहे, पण तिच्या झगमगाटात कारागृहातील दुधाची काळजी दिसेनाशी होते. मरिया मग्दालियाच्या बाबतीत तर अन्यायच झाला. पुनरुत्थित ख्रिस्ताची पहिली वार्ता शिष्यांना देणारी ही स्त्री. संत ग्रेगरी द ग्रेट यांनी ५९१ सालच्या प्रवचनात तिला आणि शुभवर्तमानातील पापी स्त्रीला एक मानले, आणि पश्चिमेकडील चित्रे, गीते व प्रवचने चौदाशे वर्षे त्याच वाटेने गेली. १९६९ सालच्या उपासना-पंचांगाच्या सुधारणेने हा घोळ दूर केला, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली २२ जुलैच्या तिच्या स्मरणदिनास प्रेषितांच्या बरोबरीच्या सणाचा दर्जा दिला. एका वाचनाचा परिणाम किती काळ टिकतो, याचे हे उदाहरण आहे.

दुसरा दोष आधुनिक आहे. प्रत्येक प्राचीन स्त्रीला बंडखोर ठरवण्याची सध्या घाई असते. पोणकीअसणेने लेणे दिले ते ज्या संघास दिले, त्या संघाच्या नियमांत भिक्षुणींचे स्थान भिक्षूंच्या खाली होते. नागनिकेने उपवास केले, पण यज्ञ नाकारले नाहीत. पर्पेतुआने बापाची आज्ञा मोडली, पण शेवटच्या दृष्टान्तात आपण पुरुष होऊन लढलो असे तिनेच लिहिले. या स्त्रिया आपल्या काळाच्या बाहेर उभ्या नव्हत्या. काळाच्या आत, मिळेल तेवढ्या जागेत, त्यांनी देवाकडे किंवा मुक्तीकडे जाणारी वाट स्वतःच्या पायांनी चालली. त्यांना केवळ आज्ञाधारक मानणे जसे खोटे, तसे केवळ बंडखोर मानणेही खोटे. त्या दोन्ही प्रकारांत बोलतो तो वाचक; बाई गप्पच असते.

कल्याणची ती मंडळी

सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशाने लिहून ठेवले की कल्लियाना या ठिकाणी ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा धर्माध्यक्ष पर्शियातून नेमला जातो. कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तसे असेल तर आपल्या खाडीच्या वरच्या टोकाला चौदाशे वर्षांपूर्वी ख्रिस्ती कुटुंबे होती, त्यांत आया होत्या, आज्या होत्या, मुलांना क्रुसाची खूण शिकवणाऱ्या स्त्रिया होत्या. त्यांच्यापैकी एकीचेही नाव आपल्याजवळ नाही. धर्माध्यक्ष आहे एवढे कळते. घरात प्रार्थना कशी होत होती ते कळत नाही. त्याच परिसरातील बौद्ध स्त्रियांनी पाण्याच्या एका पोढीसाठीसुद्धा आपले नाव खडकावर लिहून घेतले, म्हणून त्या आजही आपल्याशी बोलतात.

हा विचार केवळ इतिहासाचा नाही. आपल्या धर्मग्रामांत जयंती व महोत्सवांच्या स्मरणिका निघतात. त्यांत धर्मगुरूंची छायाचित्रे असतात, वास्तूचा खर्च असतो, मोठ्या देणगीदारांची यादी असते. मे महिन्यात क्रुसापुढे लिटानी सांगणाऱ्या, मृताच्या घरी नऊ दिवस जपमाळ चालवणाऱ्या, रविवारच्या धर्मशिक्षणात तीन पिढ्यांना आज्ञा पाठ करून घेणाऱ्या, वेदीची वस्त्रे धुऊन इस्त्री करणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख बहुधा ‘महिला मंडळाचे सहकार्य लाभले’ अशा एका वाक्यात आटोपतो. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली वाचक व वेदीसेवक या नियुक्त सेवा स्त्रियांना खुल्या केल्या आणि त्याच वर्षी धर्मशिक्षकांची सेवाही अधिकृत केली. नियुक्ती होईल तेव्हा होईल. नोंद तर आजच करता येते.

आणि नोंद करावयाची तर ती सद्गुणांची यादी नसावी. पुढील स्मरणिकेच्या संपादकांना आमची विनंती आहे की धर्मग्रामातील वृद्ध स्त्रियांना त्यांच्याच शब्दांत बोलू द्यावे: कोणती प्रार्थना कोणाकडून शिकली, कोणता उपवास कशासाठी धरला, घरातील संकटात देवाशी काय बोलणे झाले, कोणत्या प्रसंगी राग आला. त्यांची बोली सुधारू नये, राग काढून टाकू नये, उखळ-मुसळ असेल तर तेही राहू द्यावे. गुरूचे नाव, आईचे नाव आणि जिला शिकवले तिचे नाव आवर्जून लिहावे. पदुमनिकेला दोनचार ओळी पुरल्या. आपल्याजवळ कागद आहे, छापखाना आहे आणि बोलणारी माणसे अजून घराघरांत आहेत.